बिअर आणि आपली जीभ



आजच्या भाषणाचा विषय निवेदकांनीं सांगतांच कित्येक घरांतून यंत्राचा आवाज हळू करण्यांत आला असेल, आणि कांहीं घरांतून तो किंचित् वाढविण्यांतहि आला असेल. वसमतसारख्या गांवीं सारी हयात शाळामास्तर म्हणून घालविलेल्या, साठी उलटलेल्या गृहस्थानें बिअर ह्या पेयाच्या प्रकारांविषयीं व स्वतःच्या आवडीनिवडीविषयीं बोलावें, हें पुष्कळांस रुचणार नाहीं. त्यांस माझी एवढीच विनंती आहे कीं, पहिलीं पांच मिनिटें ऐकून मग काय तें ठरवावें. कोणास प्यावयास सांगण्यासाठीं मी येथें आलों नाहीं. जो पीत नाहीं त्यानें न पिणेंच चांगलें, असें माझें स्वच्छ मत आहे. परंतु जे पितात ते काय पितात, आणि त्याची चव त्यांच्या जिभेस कळते कीं नाहीं, हा प्रश्न बरीच वर्षें माझ्या मनांत घोळत आहे.

आपल्या भाषेकडे पाहा. मेथीचा कडवटपणा, कच्च्या पेरूचा तुरटपणा, शिळ्या ताकाचा आंबूसपणा, भाजलेल्या शेंगदाण्याचा खमंग वास, भाकरीच्या कडेचा खरपूसपणा, ह्या प्रत्येकास मराठींत वेगळा शब्द आहे, आणि आमच्याकडील अडाणी म्हणविणारी बाईसुद्धां ते शब्द अचूक वापरते. परंतु मद्याची गोष्ट निघाली कीं ही सारी संपत्ति कोठें तरी लुप्त होते आणि एकच क्रियापद उरतें : चढणें. "चढली कां?", "चढत नाहीं हो", "फार लवकर चढते" ह्यापलीकडे संभाषण जात नाहीं. राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' हें नाटक १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. ते पाहावयास गडकरी स्वतः राहिले नव्हते, त्याच वर्षाच्या जानेवारींत ते निवर्तले. तेव्हांपासून मराठी घरांत दारूविषयीं बोलावयाचें तर तें सुधाकराच्या नाशाविषयीं, अथवा मग तरुण मंडळींच्या थट्टेच्या सुरांत. त्या नाटकानें जें सांगितलें तें खरेंच आहे. त्यांतील एकहि शब्द मागें घेण्याचें कारण मला दिसत नाहीं. पण नाश आणि थट्टा ह्या दोहोंच्या मध्यें चव नांवाची एक वस्तु आहे, तिच्याविषयीं कोणी ब्र काढीत नाहीं.

ह्याचा परिणाम केवळ भाषेपुरता राहात नाहीं. ज्या पेयाचें मोल चढण्यावरून ठरतें, तें पेय चढण्यासाठींच बनविलें जातें. आपल्या देशांत खपणाऱ्या बिअरपैकीं फार मोठा भाग 'स्ट्राँग' असें छापलेल्या बाटल्यांचा आहे. साध्या बिअरमध्यें मद्यार्काचें प्रमाण शेंकडा पांचपर्यंत असतें. ह्या कडक बिअरमध्यें तें पांचाच्या पुढें आठापर्यंत जातें. दुकानांत उभें असलेलें गिऱ्हाईक चव विचारीत नाहीं, टक्के विचारतें. मीं ती बाटली एकदां चाखून पाहिली आहे. साखरेच्या पाण्यांत स्पिरिटचा वास मिसळावा तशी ती मला लागली, आणि अर्धा पेला मीं तसाच ठेवून दिला.

आतां बिअर म्हणजे काय, हें ज्यांनीं तिचें तोंड पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. आपल्या घरोघरीं तान्ह्या मुलांसाठीं नाचणीचें सत्त्व करतात. नाचणी भिजवावयाची, फडक्यांत बांधून मोड आणावयाचे, मग वाळवून दळावयाची. मोड येतांना दाण्यांत असें एक द्रव्य तयार होतें कीं जें पिठाची साखर करूं लागतें. म्हणून तें सत्त्व साध्या पिठाहून गोड आणि पचावयास हलकें. बिअर करणारा सातूच्या दाण्यास नेमकें हेंच करतो. मोड आलेला सातू तो भट्टींत वाळवितो, त्यास माल्ट म्हणतात. तो भरडून गरम पाण्यांत भिजविला कीं गोड रस उतरतो. त्या रसांत हॉप नांवाच्या वेलाचीं कडू फुलें टाकून उकळतात, थंड झाल्यावर त्यांत यीस्ट सोडतात, आणि तें यीस्ट साखर खाऊन मद्यार्क व वायु निर्माण करतें. वस्तु एवढीच आहे. पण भट्टीची आंच कमीअधिक केली कीं रंग बदलतो, हॉप वाढविले कीं कडूपणा बदलतो, आणि यीस्टची जात बदलली कीं वास अगदीं निराळा होतो. सारे प्रकार जन्मतात ते प्रामुख्यानें ह्या तीन गोष्टींतून.

ही विद्या केवळ साहेबाची, असें कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथें मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार सांगून त्यांचीं प्रमाणें दिलीं आहेत. मेदकासाठीं एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. चार प्रस्थांचा आढक व चार आढकांचा द्रोण, हा हिशेब केला तर पाण्याच्या एक अष्टमांश तांदूळ पडतो. ही उघड उघड तांदळाची बिअर आहे. किण्व म्हणजे आंबविण्याचें विरजण. आज आमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत 'किण्वन' हा शब्द येतो तो तेथलाच. माझ्यासारख्या मास्तराला ह्याचें मोठें कौतुक वाटतें कीं, गुत्त्यांवर हेर नेमणारा आणि मद्यविक्रीवर कडक नजर ठेवणारा हा कठोर मनुष्य सहा पेयांमधला भेद मात्र नीट लिहून ठेवतो. त्याला केवळ चढण्याशीं कर्तव्य असतें तर एकच प्रकार पुरला असता.

आतां माझ्या आवडीनिवडीकडे वळतों. माझे चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. वर्षांतून दोन वेळां आम्ही उभयतां त्यांच्याकडे जातों, आणि तेथेंच काय तो माझा ह्या पेयाशीं संबंध येतो. पुण्यांत २००९ सालीं 'डूलाली' नांवाची लहानशी बिअरशाळा निघाली. जागेवर बिअर करून जागेवरच विकण्याची पद्धत महाराष्ट्रांत तिनें सुरू केली, व पुढें अशा अनेक जागा झाल्या. ह्या नांवाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नाशिकजवळच्या देवळालीस गोऱ्या सोल्जरांची छावणी असे. मायदेशीं जाणाऱ्या बोटीची वाट पाहात तेथें महिनोन् महिने बसून कित्येकांचें डोकें फिरे. त्या अवस्थेस त्यांनीं नांव दिलें 'डूलाली टॅप'. डूलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! इंग्रजी कोशांत जाऊन बसलेल्या ह्या शब्दानें शंभर वर्षांनीं पुण्यास परत यावें आणि तेंहि पेल्यावर बसून यावें, ह्याची मला गंमत वाटते.

सर्वांत परिचित प्रकार लागर. १८४२ सालीं बोहेमियांतील प्लझेन शहरांत योसेफ ग्रोल नांवाच्या कारागिरानें सोनेरी रंगाची, स्वच्छ, थंडाव्यांत सावकाश आंबविलेली बिअर केली. आपल्या दुकानांतील बहुतेक बाटल्या तिच्याच दूरच्या वंशज आहेत. चांगली लागर तहान भागविते, व तिच्या शेवटच्या घोटास एक बारीकसा कडसरपणा असतो. पण आपल्याकडे ती बर्फासारखी गार करून देतात. जीभ बधिर झाल्यावर चव कशाची कळणार? पेला दहा मिनिटें तसाच ठेवून मग उचलावा, असें मी चिरंजिवांस सांगतों. ते हंसतात, पण आतां स्वतःहि तसेंच करतात.

दुसरा प्रकार 'इंडिया पेल एल'. ह्याच्या नांवांतच आपला देश आहे. लंडनच्या बो भागांतील हॉजसनचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या गोद्यांजवळ होता, आणि तेथून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या प्रवासानें बिअरचीं पिंपें मुंबईस व कलकत्त्यास येत. हॉपमुळें बिअर टिकते, म्हणून त्यांत हॉप भरपूर असत. ह्या प्रकाराचा शोध हॉजसननें लावला असें जें सांगतात ती दंतकथाच म्हणावी. फिकट, हॉपयुक्त बिअर आधींपासूनच होत होती. हॉजसनची जागा पुढें बर्टन गांवच्या ऑलसॉप व बास ह्यांनीं घेतली. साध्या शिपायांच्या वांट्यास मात्र ही बिअर क्वचितच येई. त्यांना काळी पोर्टर मिळे. ही इतिहासाची बाजू मला फार आवडते, पण पेय तितकेंसें आवडत नाहीं. गुढीपाडव्याच्या दिवशीं कडुनिंबाचा पाला गूळ-ओव्यासह खातांना पहिल्या चघळण्यास जें तोंड होतें, तें येथें प्रत्येक घोटास होतें, आणि गूळ मात्र नसतो. कांहीं लोकांस ह्या कडूपणाची चटकच लागते. मला पाडवा वर्षांतून एकदां पुरतो.

तिसरी स्टाऊट. सातूचे दाणे अगदीं काळे होईतों भाजून केलेली. माझ्या जिभेस ती ताबडतोब ओळखीची वाटली. चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीची जी कड किंचित् करपते आणि जी मुलें टाकून देतात व म्हातारे मुद्दाम मागून घेतात, ती कड ह्या पेल्यांत विरघळलेली असते. थंडीच्या दिवसांत, जेवणानंतर, अर्धा पेला स्टाऊट ही माझ्या मतें उत्तम वस्तु आहे. उन्हाळ्यांत तिच्या वाटेस जाऊं नये.

परंतु माझी खरी आवड गव्हाच्या बिअरची आहे, आणि तिची ओळख मला सौभाग्यवतींनीं करून दिली असें म्हटलें पाहिजे. त्या स्वतः घेत नाहींत. पहिल्या वेळीं पेला समोर आला, वर पांढरा दाट फेस, खालीं गढूळ पिवळें पेय. मीं घोट घेतला, बरा वाटला, पण नेमकें काय बरें वाटलें तें सांगतां येईना. सौभाग्यवतींनीं पेला हातीं घेऊन नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, केळीं पिकायला घातलेल्या खोलीसारखा वास येतोय. आणि लवंग टाकलीय कां हो ह्यांत?" त्यांत केळेंहि नव्हतें आणि लवंगहि नव्हती. चौकशी केल्यावर कळलें कीं, ह्या बिअरच्या यीस्टचा तो गुण आहे. पिकलेल्या केळ्यास ज्या द्रव्यामुळें वास येतो तेंच द्रव्य हें यीस्ट आंबवितांना तयार करतें, आणि लवंगेसारखा वास देणारें दुसरें एक द्रव्यहि करतें. वसमत आणि शेजारचें अर्धापूर म्हणजे केळीच्या बागांचा मुलूख. ज्या बाईचें आयुष्य त्या वासांत गेलें तिला जें एका श्वासांत कळलें, तें पुस्तकें वाचून कळावयास मला आठवडा लागता. ह्या बिअरचें घर बव्हेरिया. तेथें १५१६ सालीं ड्यूकांनीं कायदा करून बिअरमध्यें सातू, हॉप आणि पाणी ह्यांखेरीज कांहीं घालूं नये असें ठरविलें. पण पुढें गव्हाची बिअर करण्याचा मक्ता राजघराण्यानें स्वतःकडे ठेवून दिला व त्यावर चांगला पैसा मिळविला. कायदा करणारे सर्वत्र सारखेच.

बेल्जममध्यें लाम्बिक नांवाची एक आंबट बिअर होते. तींत यीस्ट घालीतच नाहींत. हिंवाळ्यांत उकळलेला रस रात्रभर उघड्या हौदांत ठेवतात आणि हवेंतून जें जंतुजाल पडेल त्यावर भरंवसा ठेवतात. मीं ती चाखलेली नाहीं. परंतु तिचें वर्णन वाचतांना मला आमच्याकडची आंबील आठवली. ज्वारीचें पीठ रात्रीं ताकांत भिजत घालावयाचें, सकाळपर्यंत त्यास आंबूस वास सुटतो, मग शिजवून मीठ-जिरें लावून प्यावयाचें. तींत नशा नाहीं, पण आंबविण्याचें शहाणपण तेंच आहे. ज्यास आंबील आवडते त्याच्या जिभेस आंबट बिअरची भाषा अर्धी येतेच.

आणि चवीची भाषा आपल्या मुलुखांत पूर्वीं नव्हती असेंहि नाहीं. शिंदीच्या झाडाचा रस सूर्योदयापूर्वीं उतरविला तर ती गोड नीरा. ऊन चढेल तसतशी ती आंबत जाते. संध्याकाळपर्यंत उग्र होते. ज्यांचा ह्या पेयाशीं संबंध होता ते एकाच झाडाच्या रसास प्रहराप्रमाणें वेगळा मानीत. पण निजामाच्या राज्यांत शिंदी म्हणजे आबकारी, आणि आबकारी म्हणजे सरकारी उत्पन्नाची एक मोठी बाब. म्हणून १९४७-४८ च्या लढ्यांत स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनीं मराठवाड्यांत ठिकठिकाणीं शिंदीचीं झाडें तोडलीं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यांत ती कुऱ्हाड झाडावर नव्हे, खजिन्यावर चालली होती. तिच्याविषयीं मला आदरच आहे. मात्र आमच्या पिढीपर्यंत जें आलें तें शिंदीची नीरा नव्हे, तर देशी दारूची बाटली.

त्या बाटलीविषयीं मी अधिकारानें बोलूं शकतों. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं माझ्या वर्गांतील कोणत्या मुलाचा डबा रिकामा असेल हें मला हजेरी घेण्याआधीं ठाऊक असे. एक बाई दर सहामाहीस फीच्या सवलतीचा अर्ज घेऊन येत. नवऱ्याविषयीं त्या कधीं वाईट बोलल्या नाहींत; फक्त म्हणत, "गुरुजी, मजुरी घरापर्यंत येतच नाहीं." त्यांचा मुलगा हुशार होता. आठवीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. अशा बायकांच्या हातीं आपल्या राज्यानें एक हत्यार दिलें आहे. गांवांतील वा वॉर्डांतील चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केली तर मतदान घेतां येतें. पत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशीं चित्रें असतात, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनीं आडव्या बाटलीस मत दिलें तर दुकान बंद होतें. हें मतदान जेथें होईल तेथें माझी सहानुभूति आडव्या बाटलीच्या बाजूस आहे, आणि गव्हाच्या बिअरवर माझें प्रेम असल्यानें त्यांत फरक पडत नाहीं.

कोणी विचारील, मग हें चवीचें कौतुक कशासाठीं? मला असें वाटतें कीं, जो चव शोधतो त्याचें एका पेल्यांत भागतें, कारण दुसऱ्या पेल्यांत जीभ थकते आणि तिसऱ्यांत तिला कांहींच कळत नाहीं. जो चढणें शोधतो त्यास मोजणेंच शक्य नसतें. सर्वांस हें लागू पडेल असा माझा दावा नाहीं. ज्याच्या शरीरास किंवा मनास व्यसनाची खोड आहे त्यास पहिला पेलाच घातक, व त्याच्यापुढें चवीच्या गोष्टी करणें क्रूरपणाचें आहे. घरांत असा कोणी असेल तर माझें हें भाषण त्याच्यासाठीं नाहीं.

माझे स्वतःचे नियम साधे आहेत. वसमतला मी घेत नाहीं. तेथील निम्मी पिढी माझ्या हाताखालून गेली आहे. मास्तरांना पेल्यासह पाहिलें एवढेंच त्यांतील कोणा दुबळ्यास निमित्त पुरेल. ह्यास कोणी ढोंग म्हणो; मी त्यास शिष्टाचार म्हणतों. दुसरें, कडक बाटलीस हात लावीत नाहीं. तिसरें, परवाना बाळगतों. आपल्या राज्यांत १९४९ चा दारूबंदी कायदा आजहि आहे, आणि पिण्यास परवाना लागतो हें पुष्कळ पिणाऱ्यांस ठाऊकच नसतें. माझ्या आजीव परवान्याचा आधार असा कीं, प्रकृति राखण्यासाठीं मला ह्या पेयाची आवश्यकता आहे. प्रकृति माझी ठणठणीत आहे. तो कागद पाहून सौभाग्यवती मला अधूनमधून तब्येत विचारतात.

एक गोष्ट मात्र पेला उचलतांना मनास टोंचते, आणि ती पाण्याची. एक लिटर बिअर करावयास तीनपासून पांच लिटर, कधीं त्याहूनहि अधिक पाणी लागतें. आपल्या मराठवाड्याचें छत्रपती संभाजीनगर हें बिअरच्या मोठ्या कारखान्यांचें ठिकाण आहे, आणि त्यांस पाणी मिळतें तें जायकवाडीचें. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मद्याच्या कारखान्यांचें पाणी निम्म्यानें, आणि पुढें शेंकडा साठपर्यंत कमी करण्याचा हुकूम दिला. आमच्या वसमत भागास पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचा आधार आहे, तरी त्या वर्षीं विहिरींचे तळ आम्हींहि पाहिले. त्या उन्हाळ्यांत मी पुण्यास गेलों होतों, पण पेला मागविला नाहीं. त्यानें कोणाच्या घागरींत थेंबभर पाणी वाढलें नाहीं हें मला कळतें.

शेवटीं माझी एक इच्छा सांगून रजा घेतों. नायजेरियानें १९८८ सालीं परदेशी सातूची आयात बंद केली, आणि तेथील कारखान्यांस ज्वारीची बिअर करणें भाग पडलें. आज तेथें ज्वारीची बिअर हा नित्याचा प्रकार आहे. दक्षिण आफ्रिकेंत तर घरगुती ज्वारीची आंबट बिअर पिढ्यान् पिढ्या होत आली. ज्वारी हें कोरडवाहू पीक, थोड्या पाण्यावर येणारें, आणि आमचा परभणी-हिंगोलीचा मुलूख रब्बी ज्वारीचा. परभणीच्या कृषि विद्यापीठानें 'परभणी मोती' नांवाचें वाण काढलें आहे, त्याची भाकर पांढरीशुभ्र होते. त्या ज्वारीस मोड आणून, थोडे दाणे खरपूस भाजून, कडक न करतां, गव्हाच्या बिअरचें यीस्ट घालून कोणी पुण्याचा कारागीर एक लहानसा घाणा करील काय? पहिला पेला मी सौभाग्यवतींच्या हातीं देईन. त्या पिणार नाहींत. पण वास घेऊन तो कशासारखा आहे तें सांगतील, आणि मग मी घोट घेईन.